पदवीपूर्व म्हणजे नेमकं कोण?

शेजारची मुलगी गेल्या वर्षी बीएच्या दुसऱ्या वर्षाला होती. तिच्या घरात तिच्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही. एका शिष्यवृत्तीचा ऑनलाइन अर्ज भरायचा होता म्हणून ती लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आली. ‘शैक्षणिक स्तर’ असा एक रकाना होता आणि त्यात चार पर्याय होते: उच्च माध्यमिक, पदवीपूर्व, पदवीधर, पदव्युत्तर. तिनं विचारलं, “काकू, यातली मी कोण?” मी लगेच म्हटलं, “पदवीपूर्व.” तिनं ते निवडलं. पुढच्या पानावर रकाना आला, ‘पदवीपूर्व परीक्षेत मिळालेले गुण’. तिथं तिनं मला न विचारता बारावीचे गुण भरले. पदवीच्या पूर्वीची परीक्षा म्हणजे बारावीच, यात विचारायचं काय?

दहा दिवसांनी अर्ज परत आला. शेरा होता, ‘माहिती विसंगत’. मुदत संपायला दोनच दिवस उरले होते. ‘उच्च माध्यमिक’ निवडून पाहिलं, तर अर्जदार पात्र नाही असं उत्तर आलं. ‘पदवीधर’ निवडलं, तर पदवी प्रमाणपत्राची प्रत मागितली. शेवटी दिलेल्या क्रमांकावर फोन लावला. पलीकडचे गृहस्थ समजूतदार होते. म्हणाले, “ताई, तिथं आत्ता चालू असलेला कोर्स धरायचा, आणि गुणांच्या जागी झालेल्या सेमिस्टरचे गुण टाकायचे.” अर्जात हे कुठंही लिहिलेलं नव्हतं.

माझं काम भाषांतराचं. परिपत्रकं, माहितीपुस्तिका, प्रवेशाचे नियम, अर्जांचे नमुने मी वर्षानुवर्षं इंग्रजीतून मराठीत आणत आले आहे. ‘अंडरग्रॅज्युएट’ दिसलं की माझी बोटं आपोआप ‘पदवीपूर्व’ टंकतात. त्या संध्याकाळी पहिल्यांदाच मी तो शब्द एखाद्या विद्यार्थिनीच्या बाजूनं वाचला. तो तिच्याबद्दल काहीच नीट सांगत नव्हता. ती काय शिकते हे त्यातून कळत नव्हतं, काय शिकून झालं आहे हेही कळत नव्हतं. म्हणून या एका शब्दाबद्दल लिहिते आहे. माझं म्हणणं असं की माणसासाठी ‘पदवीपूर्व’ हा शब्द वापरणं आपण सोडून द्यावं. त्याच्या जागी लागणारा शब्द आपल्या तोंडात आधीपासून आहे.

आधी मूळ शब्द पाहू. ‘अंडरग्रॅज्युएट’ हा इंग्रजी शब्द सतराव्या शतकातला. ‘ग्रॅज्युएट’च्या मुळाशी लॅटिनमधला ‘ग्रॅडस’ आहे, म्हणजे पाऊल किंवा पायरी. विद्यापीठाची ठरलेली पायरी चढून गेलेला तो ग्रॅज्युएट. त्या पायरीच्या खाली उभा असलेला तो अंडरग्रॅज्युएट. नेमका अर्थ सांगायचा तर विद्यापीठात नाव दाखल असलेला, शिकत असलेला, पण पहिली पदवी अजून न मिळालेला विद्यार्थी. यात तीन अटी आहेत आणि तिन्ही एकदम लागू व्हाव्या लागतात. नाव दाखल हवं, शिक्षण चालू हवं, आणि पदवी पहिली हवी. बारावीनंतर शिक्षण सुटलेला मुलगा या अर्थानं अंडरग्रॅज्युएट ठरत नाही.

पण आपल्याकडे तो सर्रास तसा ठरतो. नोकरीच्या जाहिरातीत ‘ग्रॅज्युएट किंवा अंडरग्रॅज्युएट चालेल’ असं असतं, तेव्हा देणाऱ्याच्या मनात कॉलेजात शिकणारं कुणी नसतं. पदवी न झालेला, बारावीवर थांबलेला किंवा मधेच कॉलेज सोडलेला उमेदवारही चालेल, एवढंच त्याला म्हणायचं असतं. लग्नाच्या माहितीपत्रकातही हाच अर्थ चालतो. म्हणजे जो शब्द शिकत असलेल्या माणसाचा होता, तो शिक्षण अपुरं राहिलेल्या माणसाला चिकटला. पूर्वी ‘नॉनमॅट्रिक’ हा शब्द ज्या सुरात उच्चारला जाई, त्याच सुरात आज काही ठिकाणी ‘अंडरग्रॅज्युएट’ उच्चारला जातो.

इंग्रजीच्या स्वतःच्या घरातही सगळं सुरळीत नाही. अमेरिकेत शाळा संपवलेल्यालाही ग्रॅज्युएट म्हणतात. पहिल्या पदवीनंतर पुढे शिकणाऱ्याला तिथं ग्रॅज्युएट स्टुडंट म्हणतात, तर ब्रिटनमध्ये त्यालाच पोस्टग्रॅज्युएट. युरोपातल्या २९ देशांनी १९९९ च्या जूनमध्ये बोलोन्याच्या जाहीरनाम्यावर सह्या केल्या, तेव्हा एकमेकांच्या पदव्या एका मापात बसवण्याचा प्रश्न होता. पुढे त्या व्यवस्थेत पहिलं चक्र, दुसरं चक्र, तिसरं चक्र अशी नावं रुळली. इतक्या भाषा आणि इतक्या परंपरा एकत्र आणताना सरळ मोजणीच कामी आली. आपल्या विद्यापीठ अनुदान आयोगानंही २००३ च्या नियमांच्या शीर्षकात ‘फर्स्ट डिग्री’ म्हणजे पहिली पदवी असाच शब्दप्रयोग केला आहे. त्यात कुणाच्या वर किंवा कुणाच्या खाली असा भाव नाही.

आता मराठीकडे येऊ. ‘पूर्व’ शेवटी लागलेले शब्द आठवून पाहा. स्वातंत्र्यपूर्व काळ, विवाहपूर्व समुपदेशन, मान्सूनपूर्व पाऊस, निवडणूकपूर्व युती. या प्रत्येकात पुढची गोष्ट सुरूच झालेली नसते. मान्सूनपूर्व सरी कोसळतात तेव्हा मान्सून यायचा असतो. मराठी कान ‘क्ष-पूर्व’ ऐकतो तेव्हा क्ष लांब आहे असं समजतो. त्यामुळे शेजारच्या मुलीनं ‘पदवीपूर्व परीक्षा’ वाचून बारावी धरली, यात तिची चूक नव्हती. तिनं मराठी बरोबर वाचलं. चुकीचं मराठी आम्ही लिहिलं होतं.

इथं एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. ‘पदव्युत्तर’ आपण बिनदिक्कत वापरतो. पदवी मिळाल्यानंतरचं ते पदव्युत्तर, तर पदवी मिळण्याआधीचं ते पदवीपूर्व. जोडी अगदी जुळते. शिवाय ‘मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती’ आणि ‘मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती’ हे शब्द सरकारदरबारी रुळले आहेत. दहावीत शिकणारं मूल मॅट्रिकपूर्व धरलं जातं आणि त्यात कुणाचा गोंधळ होत नाही. मग ‘पदवीपूर्व’मध्येच का व्हावा?

या आक्षेपाचं उत्तर शोधताना मला बरेच दिवस लागले. उत्तर ‘पूर्व’मध्ये सापडलं नाही, ‘पदवी’मध्ये सापडलं. मॅट्रिक ही एक परीक्षा आहे, एक क्षण आहे. एक तर ती पास झालेली असते किंवा झालेली नसते. तिच्या आधी आणि तिच्या नंतर असे दोनच भाग पडतात. पदवीचं तसं नाही. मराठी बोलणारा माणूस पदवी हा शब्द दोन अर्थांनी वापरतो. ‘तिला पदवी मिळाली’ म्हणताना तो प्रमाणपत्राबद्दल, दीक्षान्त समारंभातल्या क्षणाबद्दल बोलतो. पण ‘पदवीला प्रवेश घेतला’, ‘पदवीला असताना वसतिगृहात राहायचो’, ‘पदवीची तीन वर्षं कशी गेली कळलंच नाही’ असं म्हणताना तो एका कालखंडाबद्दल बोलत असतो. दुसरा अर्थ बोलण्यात जास्त वापरला जातो. आणि पदवी ही तीन-चार वर्षांची वाट असेल, तर पदवीपूर्व म्हणजे त्या वाटेला लागण्याआधीचा काळ. ‘पदव्युत्तर’मध्ये हा घोटाळा होत नाही, कारण वाट संपली काय आणि प्रमाणपत्र मिळालं काय, दोन्ही अर्थांनी ‘नंतर’ एकच राहतं. ‘आधी’ मात्र दोन होतात. जोडी कागदावर जुळते, कानाला जुळत नाही.

वाट हा शब्द मी सहज वापरलेला नाही. संस्कृतात ‘पदवी’चा मूळ अर्थच वाट असा आहे. अमरकोशात रस्त्याचे समानार्थी शब्द देताना ओळ येते, ‘अयनं वर्त्म मार्गाध्वपन्थानः पदवी सृतिः’. मार्ग, अध्वा, पंथ आणि त्यांच्याच रांगेत पदवी. पाऊल ज्यावरून जातं ती पदवी. नंतर हा शब्द स्थान, हुद्दा, मान या अर्थांकडे सरकला आणि विद्यापीठं आली तेव्हा ‘डिग्री’साठी कामाला आला. प्रवास संपल्यावर हाती येणाऱ्या कागदाला आपण प्रवासाचं नाव दिलं. आणि गंमत नव्हे, खरंच विचार करण्यासारखी गोष्ट अशी की अमरकोश कधी न उघडलेली पोरं ‘पदवीला आहे’ म्हणताना तोच जुना अर्थ परत वापरात आणतात. भाषा आपल्या तळाशी काय काय जपून ठेवते, याचं हे मला माहीत असलेलं फार सुंदर उदाहरण आहे.

हा दोन अर्थांचा प्रश्न नुसता तर्काचा नाही. सीमेपलीकडे तो रोज भेटतो. कर्नाटकात अकरावी-बारावीच्या दोन वर्षांना ‘पदवीपूर्व शिक्षण’ म्हणतात. शब्द हाच, अक्षरं हीच, फक्त लिपी कन्नड. तिथं पदवीपूर्व महाविद्यालय म्हणजे आपलं कनिष्ठ महाविद्यालय. बेळगाव, निपाणी, खानापूर या भागांतली मराठी मुलं दोन्ही व्यवस्थांत वावरतात. बारावी तिकडे झालेली मुलगी पुढच्या शिक्षणासाठी कोल्हापुरात आली आणि तिच्यासमोर मराठी अर्ज आला, तर ‘पदवीपूर्व शिक्षण पूर्ण’ असं ती प्रामाणिकपणे लिहील. इकडच्या टेबलावरचा माणूस ते वाचून ती बीए झालेली आहे असं समजू शकतो. एका शब्दाचे दोन शेजारी राज्यांत दोन अर्थ, आणि दोन्ही सरकारी. यातला कुठला अर्थ शब्दाच्या घडणीला जास्त धरून आहे असं विचाराल तर माझं उत्तर कन्नडच्या बाजूनं आहे.

मराठी अर्जांत तर याच्याही पुढची पायरी गाठली जाते. इंग्रजी अर्जात ‘अंडरग्रॅज्युएट’ हे पातळीचं नाव म्हणूनही येतं. ‘यूजी’ झालं का, ‘पीजी’ झालं का, असं विचारतात, तेव्हा ‘यूजी झालं’ म्हणजे पहिली पदवी मिळाली. त्याचं शब्दशः मराठी केलं की ‘पदवीपूर्व पूर्ण’ म्हणजे पदवी मिळालेली असा अर्थ तयार होतो. पदवीधर माणसानं आपण पदवीपूर्व आहोत असं लिहायचं. मराठीच्या कुठल्याच नियमात हे बसत नाही. एकाच शब्दाचे चार अर्थ झाले: बारावीपर्यंत शिकलेला, पदवी अर्धवट राहिलेला, पदवीला शिकत असलेला, आणि पदवी मिळालेला. माणसाच्या शैक्षणिक आयुष्यातल्या चार वेगवेगळ्या अवस्थांना एकच नाव देणारा शब्द अर्जात काय कामाचा?

काही अभ्यासक्रमांपुढे तर हा शब्द साफ हात टेकतो. तीन वर्षांच्या एलएलबीला प्रवेश घ्यायचा तर आधी एखादी पदवी लागते. बीएडलाही लागते. म्हणजे एलएलबीचा विद्यार्थी पदवीधर आहे, तरी तो शिकतो आहे ती पदवीच, पदव्युत्तर अभ्यासक्रम नव्हे. मग तो पदवीपूर्व कसा? आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम आणल्यावर आणखी एक जण या यादीत आला. तिसऱ्या वर्षाअखेर पदवी घेऊन बाहेर पडण्याची मुभा आहे. जो विद्यार्थी ती न वापरता चौथ्या, ऑनर्सच्या वर्षाला जातो, त्यानं पदवीपुरतं शिक्षण पूर्ण केलेलं आहे. तो पदव्युत्तर नाही हे नक्की. पण ‘पदवीपूर्व’ म्हणताना अडखळायला होतं. ‘पदवीचा विद्यार्थी’ म्हटलं तर एलएलबीवाला, बीएडवाली, ऑनर्सचा विद्यार्थी, शेजारची बीएची मुलगी, सगळे त्यात बसतात. कुणालाही मुरड घालावी लागत नाही.

हे झालं अर्थाचं. मला त्याहून जास्त खुपणारी गोष्ट वेगळी आहे. हा शब्द माणसाला त्याच्याजवळ काय नाही यावरून ओळखतो. वस्तूला किंवा कामाला ‘पूर्व’ लावणं वेगळं आणि माणसाला लावणं वेगळं. आपण प्रसूतिपूर्व तपासणी म्हणतो, पण बाईला कधी प्रसूतिपूर्व बाई म्हणत नाही. ती गरोदर असते. तिच्या त्या नऊ महिन्यांना स्वतःचं नाव आहे, कारण ते महिने नुसती वाट पाहण्याचे नसतात, त्यांत बरंच काही घडत असतं. आपण विवाहपूर्व मार्गदर्शन म्हणतो, पण मुलीला विवाहपूर्व मुलगी म्हणत नाही. खटला चालू असलेल्या बंदिवानाला इंग्रजीत अंडरट्रायल म्हणतात, मराठी माणसानं त्याचं भाषांतर करत न बसता ‘कच्चा कैदी’ म्हटलं आणि ते शेतमजुरापासून वकिलापर्यंत सगळ्यांना कळतं. कारखान्यात काम शिकणारा ‘शिकाऊ’ असतो. तो काय करतो ते त्याच्या नावातच आहे. मग अठरा ते बावीस या वयातल्या माणसाला, ज्या वयात तो आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या डोक्यानं वाचायला, भांडायला, मत बनवायला शिकतो, त्याला आपण एका न मिळालेल्या कागदाच्या आधीचा म्हणून का ओळखावं?

आणि ही मूठभर माणसांची गोष्ट नाही. केंद्र सरकारच्या २०२१-२२ च्या उच्च शिक्षण पाहणीनुसार देशात उच्च शिक्षण घेणाऱ्यांची संख्या सुमारे ४.३३ कोटी होती, आणि त्यांतले जवळपास ७९ टक्के या पहिल्या पातळीवर होते. सव्वातीन कोटींहून जास्त माणसं. भारतातलं उच्च शिक्षण म्हणजे मुख्यतः हीच मुलं-मुली. बाकी सगळे त्यांच्या तुलनेत थोडे. तरीही मराठीत पदवीधराला स्वतंत्र शब्द आहे, प्राध्यापकाला आहे, संशोधकाला आहे, पीएचडी झालेल्याला नावाआधी ‘डॉ.’ आहे. सगळ्यात मोठ्या गटाला मात्र उधार आणलेला, उलटा लावलेला शब्द.

‘पदवीधर’ हा शब्द किती पक्का आहे पाहा. राज्यघटनेच्या १७१ व्या कलमानुसार विधान परिषदेत पदवीधरांचे मतदारसंघ असतात. महाराष्ट्राच्या ७८ सदस्यांच्या विधान परिषदेत ७ जागा पदवीधरांच्या आहेत. मत देण्यासाठी पदवी मिळून किमान तीन वर्षं झालेली असावी लागतात. म्हणजे पदवीधर असण्यावर एक मत अवलंबून आहे आणि त्या शब्दाचा अर्थ कायद्यानं मोजून दिला आहे. ज्या शब्दावर हक्क अवलंबून असतो तो असा घट्ट असावा लागतो. शिष्यवृत्ती, वसतिगृह, प्रवासाची सवलत, शैक्षणिक कर्ज हेही विद्यार्थ्यांचे हक्कच आहेत. ते ज्या शब्दावर टांगलेले आहेत तो इतका सैल असून कसं चालेल?

पर्याय शोधताना पहिलं बोट ‘स्नातक’कडे जातं, कारण हिंदीत तो चालतो. हिंदीत ‘स्नातक’ म्हणजे पदवीधर आणि पदवीची पातळीही, त्यामुळे तिथंही शिकणाऱ्यासाठी ‘पूर्वस्नातक’ किंवा ‘अवर स्नातक’ अशी जोडाजोड करावी लागते. घोटाळा तोच राहतो. शब्दाचा इतिहास मात्र पाहण्यासारखा आहे. गुरुगृही अध्ययन संपवून, समावर्तनाचं स्नान करून घरी परतणारा तो स्नातक. गृह्यसूत्रांत स्नातकाचे तीन प्रकार सांगितले आहेत. अध्ययन पुरं केलं पण व्रताचा काळ पुरा केला नाही तो विद्यास्नातक, काळ पुरा केला पण अध्ययन पुरं झालं नाही तो व्रतस्नातक, दोन्ही पुरं केलेला विद्याव्रतस्नातक. तिघांनाही नाव आहे, तिघेही स्नातकच आहेत. अध्ययन अर्धं राहिलेल्यालाही त्याच्या पुऱ्या झालेल्या गोष्टीवरून नाव मिळालं, हे मला मोलाचं वाटतं. पण तो उंबरठा समाजातल्या बहुतेकांना, आणि जवळजवळ सगळ्या स्त्रियांना, बंद होता. शेजारच्या मुलीसारख्या पहिल्या पिढीतल्या विद्यार्थिनीला तो शब्द द्यावा असं मला वाटत नाही.

आपल्याच भाषेत याहून जवळचं उदाहरण आहे. धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ मध्ये स्त्रियांसाठी विद्यापीठ काढलं, मातृभाषेतून शिक्षण देणारं. तिथल्या बीएच्या तोडीच्या पदवीला नाव दिलं ‘गृहीतागमा’. जिनं ज्ञान ग्रहण केलं आहे ती. लोक त्याला ‘जीए’ म्हणू लागले आणि पुढे तो शब्द मागे पडला. पण तो घडवताना विचार काय केला होता ते पाहा. शब्द मुळातच स्त्रीलिंगी घडवला आणि तो शिकण्याच्या क्रियेवर उभा केला. पुण्यात १९२१ मध्ये सुरू झालेल्या टिळक महाराष्ट्र विद्यापीठाच्या पदवीचं नाव ‘विशारद’ होतं, म्हणजे निपुण. त्या पिढीला परकी मोजपट्टी जशीच्या तशी उचलण्याची गरज वाटली नाही. ते शब्द टिकले नाहीत, कारण नोकरीचं जग बीए मागत होतं. पण शब्द घडवण्याची हिंमत होती.

नवा शब्द घडवायचा मोह मलाही झाला. विद्येची इच्छा धरणारा तो विद्यार्थी, तसा पदवीची इच्छा धरणारा तो ‘पदव्यर्थी’. संधी बिनचूक आहे. पण लिहून पाहिलं आणि त्यात ‘व्यर्थ’ दिसला, तेव्हा तो कागद बाजूला ठेवला. घडवलेल्या शब्दाला कान नसतो, तो ऐकणाऱ्याला असतो.

मग लोक काय म्हणतात ते ऐकावं. शेजारच्या मुलीच्या वडिलांना कुणी विचारलं की पोरगी काय करते, तर ते म्हणतात, “चौदावीला आहे.” बारावीनंतर तेरावी, चौदावी, पंधरावी. गावोगाव लोक असंच मोजतात. ‘पंधरावी झालेला’ म्हणजे पदवीधर, हे कुणाला समजावून द्यावं लागत नाही. शहरातली मंडळी याला अडाणीपणा समजतात. मला त्यात शहाणपण दिसतं. ग्रॅडस म्हणजे पायरी, आणि हा बाप पायऱ्याच मोजतो आहे, फक्त खालून. किती चढून झाल्या ते तो सांगतो. विद्यापीठाचा शब्द वरून बघतो आणि किती राहिल्या ते सांगतो. कॉलेजातली मुलं स्वतःबद्दल बोलतात तेव्हा ‘एफवायला’, ‘एसवायला’, ‘टीवायला’ म्हणतात, किंवा ‘डिग्रीला आहे’, किंवा ‘ग्रॅज्युएशन चालू आहे’. एकही मूल ‘मी पदवीपूर्व आहे’ असं म्हणताना मी ऐकलेलं नाही. ज्याचं नाव आहे तोच ते कधी उच्चारत नसेल, तर ते नाव त्याचं नाही.

पंधरावी अर्जात चालणार नाही हे मान्य. अभियांत्रिकी चार वर्षांची, वास्तुकला पाच वर्षांची, त्यामुळे मोजणी सगळीकडे सारखी बसत नाही. पण ‘डिग्रीला आहे’चं मराठी आपल्याकडे तयार आहे. पदवीला आहे. पदवीचा विद्यार्थी, पदवीची विद्यार्थिनी. वर्तमानपत्रं ‘पदवी प्रवेशाची यादी’ असं छापतात, महाविद्यालयं ‘पदवी अभ्यासक्रम’ आणि ‘पदव्युत्तर अभ्यासक्रम’ असे दोन फलक लावतात. अभ्यासक्रमाला ‘पदवी’ पुरते आणि त्यात शिकणाऱ्या माणसाला मात्र ‘पूर्व’ लावावा लागतो, याला आधार काय? पदवी, पदव्युत्तर, विद्यावाचस्पती म्हणजे पीएचडी, अशी सरळ चढण ठेवा. पहिल्या पायरीला उणं करणारं शेपूट काढून टाका.

कुणी म्हणेल, एवढं कशाला, सगळे ‘यूजी’ म्हणतात, तेच ठेवा. वैद्यकीय प्रवेशाची परीक्षा ‘नीट यूजी’ नावानंच ओळखली जाते. बोलण्यात यूजी असू द्या, माझी तक्रार नाही. पण मराठी अर्जात, मराठी नियमात, मराठी बातमीत दोन अक्षरांचा परका संक्षेप घालणं म्हणजे ज्याच्या घरात कुणी कॉलेजात गेलेलं नाही त्याच्यासमोर कुलूप लावणं आहे. ज्यांना यूजी म्हणजे काय ते माहीत आहे त्यांना मराठी अर्जाची गरज तशीही कमी असते. मराठी अर्ज ज्यांच्यासाठी आहे त्यांना वाचून अर्थ लागला पाहिजे. ‘पदवीचे विद्यार्थी’ वाचून अर्थ लागतो.

अर्जाबद्दल एक गोष्ट जोडून सांगते, कारण शब्द बदलून सगळं सुटणार नाही. ‘शैक्षणिक स्तर’ हा रकानाच चुकीचा आहे. तिथं दोन प्रश्न एकात कोंबलेले असतात. ते वेगळे करावेत. पहिला, ‘पूर्ण झालेलं शिक्षण’. दुसरा, ‘सध्या चालू असलेलं शिक्षण आणि वर्ष’. पहिल्यात शेजारच्या मुलीनं ‘बारावी’ लिहिलं असतं, दुसऱ्यात ‘बीए, दुसरं वर्ष’. तिला मला विचारायला यावं लागलं नसतं, आणि मला विचार न करता उत्तर देण्याची संधी मिळाली नसती. असा अर्ज करायला एक ओळ जास्त लागते.

सगळ्यात अवघड प्रश्न मात्र मधेच थांबणाऱ्यांचा आहे. नव्या धोरणात एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका घेऊन बाहेर पडता येतं, आणि पुढे परत येता येतं. अशा मुलांची संख्या वाढेल. इंग्रजी कागदांवर ते ‘यूजी सर्टिफिकेट’, ‘यूजी डिप्लोमा’ म्हणून येईल आणि कुणीतरी माझ्यासारखी भाषांतर करणारी त्याचं ‘पदवीपूर्व प्रमाणपत्र’, ‘पदवीपूर्व पदविका’ करून टाकील. ‘पदवीपूर्व प्रमाणपत्र’ वाचून कुणालाही बारावीचं प्रमाणपत्रच वाटेल. एक वर्ष कॉलेजात शिकलेल्या, तेवढे श्रेयांक, म्हणजे क्रेडिट, मिळवलेल्या मुलाचं ते वर्ष शब्दातच पुसलं जाईल. घरच्या अडचणीनं थांबलेली मुलं यात सर्वांत जास्त असणार. त्यांच्या कागदावर ‘पदवी अभ्यासक्रम, प्रथम वर्ष पूर्ण’ असं लिहावं. व्रतस्नातकाला नाव देणाऱ्यांना जे सुचलं ते आपल्यालाही सुचायला हरकत नाही.

गेल्या महिन्यात एका माहितीपुस्तिकेचं काम आलं. त्यात चौदा ठिकाणी ‘अंडरग्रॅज्युएट’ होतं. प्रत्येक ठिकाणी थांबून पाहावं लागलं की इथं माणूस आहे, अभ्यासक्रम आहे, की पूर्ण झालेली पात्रता. नऊ ठिकाणी ‘पदवीचे विद्यार्थी’ आलं, तीन ठिकाणी ‘पदवी अभ्यासक्रम’, एका ठिकाणी ‘पदवीधर’, आणि एका ठिकाणी इंग्रजी मजकुरालाच काय म्हणायचं आहे ते विचारून घ्यावं लागलं. त्यांनाही ते लगेच सांगता आलं नाही. दोन दिवसांनी उत्तर आलं, तिथं ‘बारावी उत्तीर्ण’ हवं होतं.